बोर्ड आणि बारा पोळपाट

जुईनगरच्या आमच्या सोसायटीत दर शनिवारी दुपारी बायका जमायच्या आणि एकीने एक इंग्रजी शब्द समजावून सांगायचा. मुलं इंग्लिश मीडियमला गेली, आपण मागे राहिलो, म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिका बाईंनी ही टूम काढली होती. मग माझी पाळी आली. मी चौथी शिकलेली. हळदीकुंकवात उखाण्याची वेळ आली की मी स्वयंपाकघरात कप विसळत बसायचे.

लेकीने शाळेतून जाड डिक्शनरी आणली. तिच्याकडून मी 'बोर्ड' शब्द पाठ केला. जिन्यात पाण्याच्या वेळांचा बोर्ड, भिंतीवर लाईटचा बोर्ड, पुढे लेकीची बोर्डाची परीक्षा. आणि या सगळ्यांचं मूळ काय, तर लाकडाची फळी! फळी दाखवायला म्हणून मी घरातला पोळपाट काखेत मारला आणि निघाले.

एप्रिल चालू होता, हे मी विसरले. आमच्याकडे एप्रिलात बाई पोळपाट घेऊन दिसली की कुणाकडे तरी पापड असतात. कुणाकडे, ते कोणी विचारत नाही. आपला पोळपाट उचलायचा आणि मागे जायचं.

"अहो, नाही, हे शब्दासाठी…" माझा आवाज फुटेपर्यंत जिना दणाणला. माझ्यासकट बारा पोळपाट बाईंच्या हॉलमध्ये हजर!

"पापड हाय तं आदी सांगाचा ना गो!" उरणच्या काकी धापा टाकत म्हणाल्या.

तळमजल्यावरच्या वहिनींनी उद्यासाठी कुटलेलं उडदाचं पीठ परातीसकट आणलं. "आज लाटा नाहीतर उद्या लाटा, मला काय!"

"अहो, पण आजचा शब्द?" बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या.

"लाटता लाटता सांगतील की. तोंडाला कुठे पीठ लागलंय?" वहिनी म्हणाल्या.

सगळ्या खो खो हसल्या. मीही. मग मान खाली घालून लाटायला लागले आणि माझ्याही नकळत बोलायला लागले. आधी नुसती फळी. मग फळ्यांचं टेबल. मग टेबलाभोवती बसून कारभार करणारी माणसं, तीही बोर्डच. जहाजाची बाजूसुद्धा फळ्यांची, म्हणून जहाजात चढणं म्हणजेही बोर्ड.

"आमचे होरीला पन फल्याच की गो!" काकी लाटणं उंचावून म्हणाल्या.

अर्थ संपले तसा माझा पापडही संपला. मान वर केली तर बाईंसकट बारा चेहरे माझ्याकडे बघत होते. एरवी मी पळालेच असते. पण मांडीवर पीठ, समोर पोळपाट, उठणार कशी?

"झालं?" वहिनींनी विचारलं.

"एक राहिलाय," मी त्यांच्याकडे बघतच म्हणाले. "त्या टेबलावर वाढलेलं जेवण, तेही बोर्ड."

"मग बाई, कुकर लावा!" काकी ओरडल्या.

बाईंनी खरोखरच लावला.