साडूंचे दोन डबे

मंडणगडापासून राजापुरापर्यंत अख्ख्या जिल्ह्यात स्वस्थ न बसण्याची स्पर्धा लावली, तर आमचे साडू पहिले येतील यात मला तिळमात्र शंका नाही. फक्त बक्षीस घ्यायला ते जागेवर सापडणार नाहीत. त्या वेळी ते स्टेजमागे ओणवे होऊन कुठलीशी वायर हलवत असतील. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वय बासष्ट, अंगावर मांस असं नाहीच, एका खांद्याला मेंडोलीन आणि दुसऱ्या खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत दोन डबे. जेवणाचे नव्हेत हो! ऑर्केस्ट्रातली गिटारवाली पोरं पायाने दाबतात ना, ते पेडल. एकाचं नाव प्रीॲम्प, दुसऱ्याचं इक्वलायझर. मी ही नावं निमूटपणे शिकलो, कारण न शिकून सांगतो कोणाला? पहिल्या दिवशीच त्यांनी मला घरापुढच्या खळ्यात उभं करून समजावलं होतं. "साडू, मेंडोलीनच्या पोटाला चिकटवलेला, आवाज टिपणारा पिकअप म्हणजे अशक्त पोर. त्याचा आवाज भोंग्यापर्यंत जाईजाईतो वाटेतच मान टाकतो. पहिला डबा त्याला पेज पाजतो. आणि दुसरा डबा म्हणजे आमटी. मीठ वेगळं, गूळ वेगळा, आमसूल वेगळं. खर्ज, मधला, टीप, ज्याला हवं त्याला वाढवा, नको त्याला उतरवा." मी म्हटलं, "मग आमटी जमली की डाव खाली ठेवायचा असतो, एवढं तरी ठाऊक आहे ना?" पण वाक्य संपेपर्यंत साडू खळ्यात नव्हतेच.

हे खूळ आलं कुठून ते सांगतो. साडूंचं घर रत्नागिरीजवळच्या एका वाडीत, देवळाच्या अगदी पायथ्याशी. घरापासून देवळापर्यंत जांभ्या दगडाची पाखाडी आहे, शंभरावर पायऱ्यांची. वर्षानुवर्षं साडू उत्सवात भजनाला मेंडोलीन वाजवायचे आणि ताई, म्हणजे माझ्या मेहुणीबाई, मीही त्यांना ताईच म्हणतो, बायकांच्या पहिल्या रांगेत बसून ऐकायच्या. मग ताईंचे गुडघे गेले. गेल्या उत्सवात त्यांना पाखाडी चढवली नाही. त्यांनी घरी ओटीवर बसून देवळाच्या भोंग्यातून जे आलं ते ऐकलं, आणि साडू घरी आल्यावर एवढंच म्हणाल्या, "अहो, तुमचं मेंडोलीन पत्र्यासारखं वाजत होतं." झालं! दुसऱ्या दिवशी साडू पहिल्या गाडीने चिपळूणला गेले आणि दोन डबे घेऊन आले. तेव्हापासून त्यांचं एकच मागणं आहे: ओटीवर बसून वाजवलेलं मेंडोलीन जसं वाजतं, तसंच ते भोंग्यातून खाली ताईंपर्यंत यायला हवं. बाकी भजनाचं, बुवांचं, देवाचं काय होईल ते होवो.

आता पेडल म्हणजे पायाने दाबायची वस्तू. पण साडू पडले जुन्या वळणाचे. वाद्य म्हणजे सरस्वती, आणि वाद्याला जोडलेलं ते सगळं सरस्वतीच्या घरचं. त्याला पाय कसा लावायचा? म्हणून ते डबे पाटावर ठेवतात, पाटाखाली धुतलेलं फडकं. आणि बटण दाबायचं झालं की वाजवणं थांबवून, वाकून, हाताने दाबतात. बुवा तिकडे तान घेऊन वर टांगलेले, पखवाजवाला समेची वाट बघतोय, आणि आमचे साडू पाटाशी ओणवे. एकदा माझ्या तोंडून गेलं, "अहो, अंगठ्याने हळूच दाबा ना, कोण बघतंय?" तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवाच्या ताटात उष्टं वाढलंय. पुढे एका भजनात घाईघाईत त्यांचा पाय चुकून लागलाच. त्यांनी मेंडोलीन मांडीवर आडवं ठेवलं, डब्याला दोन्ही हातांनी नमस्कार केला, स्वतःच्या गालांवर मारून घेतलं आणि मग सूर धरला. तोवर बुवा पुढच्या अभंगावर गेले होते.

कान तर असा तयार झालाय की माणसाला त्यांच्या शेजारी खोकायची चोरी. शेजारच्या वाडीत आमच्याकडे आले की कुकरची शिट्टी ऐकून म्हणतात, "अडीच हजार हर्ट्झवर आहे ही, कानात घुसणारच." आपण कोकणातली माणसं फणसावर टिचकी मारून पिकला की नाही ते बघतो, साडू टिचकी मारतात, डोळे मिटतात आणि सांगतात, "दोनशेच्या आसपास घुमतोय. परवा फोडा." गंमत म्हणजे फणस परवाच पिकतो. पिकअप मेंडोलीनला बसेना तेव्हा त्यांनी त्याच फणसाचा चीक लावून तो चिकटवला. बाजारातल्या गोंदाने आवाज आखडतो म्हणे. चिकाने आवाज मोकळा झाला की नाही ते देव जाणे, पण मुंग्या झाल्या. खाऱ्या वाऱ्याने वायरींची टोकं गंजतात म्हणून रोज सकाळी ती पुसायची. ताई ओटीवरून म्हणतात, "देवघरातली भांडी कधी एवढी पुसली नाहीत हो तुम्ही." साडू 'हं' म्हणतात आणि पुसत राहतात.

मध्यंतरी भोंग्यातून 'हूंऽऽ' असा आवाज यायला लागला. मेंडोलीन गप्प, तरी हूं चालूच. साडूंनी निदान केलं, अर्थिंग नाही. म्हणून देवळामागे लोखंडी सळई पुरायला घेतली. आता आमच्या सड्यावर वीतभर मातीखाली कातळ. त्यात सळई घालणं म्हणजे देवाशीच भांडण. तीन दिवस पहार चालली. सळई हातभर गेली, पण कोरड्या कातळात अर्थिंग लागेना, म्हणून साडू रोज सकाळी कळशीभर मिठाचं पाणी तिच्या बुडाशी ओतायला लागले. सकाळच्या पारी, अनवाणी, ओल्या अंगाने, न बोलता. लोकांनी चार दिवस बघितलं. पाचव्या दिवशी सळईला कुंकू होतं, सहाव्या दिवशी जास्वंदीचं फूल, आणि सातव्या दिवशी गुरवाने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तुमच्या साडूंनी नवस कसला बोललाय वो? ताईंच्या गुडघ्यांचा काय?" मी काय सांगणार, कपाळ! हूं मात्र बंद झाला. कुंकू अजून लागतं.

पण सगळ्यात जास्त हाल झाले ते माझे. प्रश्न साधाच होता. आवाज घरी कसा पोचतो ते ऐकायचं तर साडूंनी घरी असायला हवं, आणि साडू घरी असले तर देवळात वाजवणार कोण? फोनवर ऐकवून बघितलं. साडू म्हणाले, "फोन खोटं बोलतो, त्याला खर्जच नाही." मग माझी नेमणूक झाली. मला मेंडोलीन येत नाही. मला शिट्टीसुद्धा धड येत नाही. तरी रविवारी सकाळी सभामंडपात मांडी घालून, गळ्यात मेंडोलीन अडकवून, मी मोकळ्या तारांवर टुंग टुंग टुंग करत बसायचं. साडू पाखाडी उतरून खाली जायचे, ओटीवर ताईंशेजारी डोळे मिटून ऐकायचे, पुन्हा पाखाडी चढून वर यायचे, दुसऱ्या डब्यावरची एक सरकती पट्टी केसभर सरकवायचे आणि पुन्हा खाली. एका सकाळी मी मोजलं, अकरा फेऱ्या. बासष्टाव्या वर्षी! मी म्हटलं, "अहो, पडाल कुठेतरी." ते धापा टाकत म्हणाले, "मधला जरा नाकात येतोय. तुम्ही थांबू नका." टोपली घेऊन देवळावरून जाणारी कोळीण थांबली, कमरेवर हात ठेवून तिने माझं टुंग टुंग ऐकलं आणि म्हणाली, "काय वो, सकालधरनं ह्येच वाजवताव. दुसरा काय येत नाय काय तुमाला?" माझी उभी हयात कचेरीत मानाने गेली हो, आणि म्हातारपणी ही शोभा.

उत्सव मंडळाचाही धीर शेवटी सुटला. भजन साडेपाचचं असलं की सहापर्यंत साडूंची पट्टी सरकत असायची, आणि सुरू झाल्यावर मध्येच कधीतरी भोंगा असा किंचाळायचा की पिंपळावरचे कावळे उडायचे. यंदाच्या उत्सवाआधी अध्यक्षांनी साडूंना बोलावून सरळ सांगितलं, "काका, राग मानू नका. भजनाआधी काय ते लावून घ्या. एकदा नारळ फुटला की डब्यांना हात लावायचा नाही. लावलात, तर पुढच्या वर्षापासून आम्ही कीबोर्डवाला आणू." साडू घरी येऊन वायरी पुसत बसले. ताईंनी विचारलं तेव्हा म्हणाले, "एक तास हात लावायचा नाही म्हणे." ताई म्हणाल्या, "जमेल हो." मला काही ती खात्री नव्हती. हा माणूस स्वतःच्या मुंजीतसुद्धा तासभर बसला नसेल.

उत्सवाच्या दिवशी दुपारीच साडू माझ्याकडे आले. अंगात नवा सदरा. "साडू, तुम्ही आज वर येऊ नका. खाली तिच्याजवळ बसा. आज माझे कान तुम्ही." एवढं बोलून गेलेही.

मी ओटीवर जाऊन बसलो. ताई खुर्चीत, पाय स्टुलावर, मांडीवर कापूस घेऊन वाती वळत होत्या. वर नारळ फुटला, टाळ झाले, बुवांनी सुरुवात केली आणि त्याच्यामागून मेंडोलीन आलं. मी संगीतातला दगड, पण मलाही कळलं. पत्रा नाही, किंचाळी नाही, नाकातला आवाज नाही. लाकडाचा आवाज होता तो. प्रत्येक तार वेगळी कळत होती, साडू पलीकडच्या पडवीत बसून वाजवताहेत आणि मधलं दार उघडं आहे, असं वाटत होतं. आणि तो बदलत नव्हता! म्हणजे साडू वर हात आवरून बसले होते. ताईंच्या हातातली वात तशीच राहिली. डोळ्यांना पाणी लागलं होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. "आलं हो," त्या म्हणाल्या. "अगदी तस्संच आलं."

मला काय आनंद झाला सांगू! वर्षभराची पाखाडी, ते टुंग टुंग, ते मिठाचं पाणी, सगळं फिटलं. मी खिशातून फोन काढला. भजन संपताच पहिला फोन आपला. ताई म्हणाल्या, "थांबा भावोजी. त्यांना सांगू नका."

मी फोन परत खिशात ठेवला.

"रिटायर झाल्यानंतरचे ते सहा महिने आठवतात तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "सकाळी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून याच खुर्चीत बसायचे. दहा वाजले की घड्याळाकडे बघायचे. मग काही नाही. जेवा म्हटलं की जेवायचे. मेंडोलीन खुंटीवरून काढत नव्हते. तुम्हाला कोणाला बोलले नाही मी, पण घाबरून विहिरीवर झाकण बसवून घेतलं होतं." त्यांनी कापूस उगाच पिंजला. "मग उत्सव आला, मंडळाने हाताला धरून नेलं म्हणून वाजवायला गेले. पत्र्यासारखं वाजलं, ते खरंच. पण एरवी मी बोलले नसते हो. आपल्या माणसाला कोणी असं तोंडावर बोलतं का? मी बोलले आणि माणूस उठला. आज मी झालं म्हटलं, तर उद्या सकाळी ते कुठे जाणार?"

वर भजन संपत आलं होतं. आरती झाली, आणि प्रसादाची वाट न बघता साडू पाखाडी उतरून आले ते धापा टाकत, सदरा पाठीला चिकटलेला. खळ्यातूनच म्हणाले, "कसं?"

"छान वाजवलंत," ताई म्हणाल्या. "मन लावून वाजवलंत. फक्त खर्ज जरा पोचला नाही बघा."

भोंग्यातून खर्ज येत नाही, येणं शक्यच नाही, हे याच माणसाने त्यांना जेवताना शंभरदा सांगितलं असणार. मी ताईंकडे बघितलं. त्या कापसाकडे बघत होत्या.

"होय ना?" साडू म्हणाले. "मला वर बसल्या बसल्या तेच वाटत होतं! पण हातच बांधून ठेवले मेल्यांनी." मग माझ्याकडे वळले. "साडू, तुम्ही सांगा. तुम्ही उगीच गोड बोलणार नाही. तुम्हाला काय वाटलं?"

या एका शब्दासाठी तो माणूस वर्षभर पाखाडी चढला-उतरला होता. 'जमलं', एवढंच म्हणायचं होतं, आणि ते खरं होतं, आणि ते ऐकण्याचा हक्क त्यांच्याइतका दुसऱ्या कोणाचाच नव्हता. "कमीच होता जरा," मी म्हणालो. "सकाळी बघू. मी येतो सातला."

"सकाळी कशाला? अजून उजेड आहे," म्हणून साडूंनी उभ्या उभ्या तांब्याभर पाणी घशात ओतलं आणि चपला सरकवल्या. पाखाडीवर त्यांच्या चपलांचा आवाज वर वर जात राहिला, आणि तो ऐकू येईनासा होईपर्यंत ताईंनी पुढची वात वळायला घेतली नाही.