मामांची डाळ आणि जर्मनीचं यंत्र

उभ्या मराठवाड्यात आमच्या मामेसासऱ्यांइतका संशयी माणूस दुसरा निघायचा नाही. हे माझ्या बायकोचे सख्खे मामा. मूळचे निलंग्याकडचे, आणि लातुरात त्यांची डाळमिल आहे. डॉक्टरांनी गोळी दिली तर 'आदी तुमी खाऊन दावा' असं ते त्यांच्या तोंडावर म्हणतात. लग्नपत्रिका आली की उजेडात धरून उलटसुलट बघतात आणि विचारतात, "आपल्याला कशापायी बोलावलं असंल?" एकदा नांदेडला माझ्याकडे यायला निघाले, तर एसटीची पाटी वाचून, कंडक्टरला विचारून, वर मागच्या सीटवरच्या दोन बायकांची साक्ष काढून मगच बसले, आणि अहमदपूरला गाडी थांबल्यावर खाली उतरून पुन्हा एकदा पाटी वाचून आले.

अशा माणसाच्या गावात जर्मनीहून व्यापाराची संधी शोधत एक मंडळ आलं. तिकडचे कारखानदार आता आपल्याकडे गिऱ्हाईक हुडकतात म्हणे. त्यांच्यातल्या पन्नाशीच्या एक बाई डाळीतले खडे आणि काळे दाणे कॅमेऱ्यानं हेरून उडवणारं यंत्र विकत होत्या. मी नांदेडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवतो, म्हणून मामांनी मला दुभाष्या म्हणून बोलावून घेतलं. आल्याआल्या बजावलं, "बाई बोलती तेवढंच सांगा जावईबापू. पदरचं घालू नका." म्हणजे संशय माझ्यावरही होताच.

प्रात्यक्षिकाला मामा आपल्याच तूरडाळीचं पोतं घेऊन गेले. त्यात त्यांनी स्वतःच्या हातानं तेवीस खडे मोजून मिसळले होते. यंत्र सुरू झालं आणि पाच मिनिटांत डाळ एकीकडे, खडे दुसरीकडे. मामा उकिडवे बसून मोजू लागले. सव्वीस भरले. पुन्हा मोजले, सव्वीसच. मग ते माझ्या कानाशी आले.

"बगा, तीन खडे यांनी घातले."

"मामा, आपल्याच डाळीतले असतील."

ते इतके दुखावले की माझ्याकडे पाठ करून खडे तिसऱ्यांदा मोजायला बसले. त्यांच्या मिलमध्ये चौदा बायका सूप घेऊन डाळ निवडत. सगळ्या जगात मामांचा विश्वास होता तो त्या बायकांच्या नजरेवर.

बाईंनी विचारलं, यंत्र घेणार का? मामांनी उलट विचारलं, "तुमी आमच्याकडून काय घेणार?" बाई जरा गडबडल्या. तूरडाळ आमच्याकडे फारसं कुणी खात नाही, असं खरं तेच बोलल्या. "मग तुमाला कळणार कसं, आमी काय निवडायलोत ते?" असं म्हणत मामा त्यांना थेट घरी जेवायलाच घेऊन गेले. बाईंनी वरणभात तीनदा मागून घेतला. मामी हरखल्या, मामा मात्र माझ्याकडे वळून पुटपुटले, "माल खपवायचाय म्हणून खायली." तरी निघताना त्यांनीच पाच किलो डाळ बांधून दिली.

पुढे आजूबाजूच्या मिलवाल्यांनी तसली यंत्रं घेतली, आणि पुण्या-मुंबईचे व्यापारी मामांचा माल नाकारू लागले. मिल चालवायची तर दुसरा इलाज नव्हता. मामांनी यंत्र घ्यायचं ठरवलं, पण चौदापैकी एकाही बाईला काढलं नाही. मी कारण विचारलं, तर डाफरले, "यंत्रावर नजर ठेवाया कुणी पायजे का न्हाई?"

करार इंग्रजीत, चांगला वीस पानांचा होता. मी तो वाचून लातूरला घेऊन गेलो. आता हा माणूस एकेका ओळीची झडती घेणार, म्हणून दोन दिवसांची रजाच टाकली होती. मामांनी कागद हातात घेतले आणि माझ्याकडे बघितलं.

"तुमी वाचलाव न्हवं?"

"वाचलाय."

"मग बस झालं," म्हणाले, आणि चष्मासुद्धा न लावता, मी बोट ठेवीन तिथे सही करत गेले. मामा म्हातारे झाले, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. सह्या करून ते मिलमध्ये निघून गेले. मी मात्र तिथेच बसून तो करार पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतला.