भिंतीला सोडलेले दात

आमच्या कर्जतच्या घरात त्या रविवारी पलंगावर दोन मदरबोर्ड शेजारी शेजारी ठेवले होते आणि सगळं घर मुलगी बघायला आल्यासारखं त्यांच्याभोवती उभं होतं. मी तर सकाळपासून गुडघ्याला बाशिंग बांधून बसले होते. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. नवऱ्याचं घर सोडून मी माहेरी परत आले होते, स्टेशनजवळच्या एका भाड्याच्या खोलीत टायपिंगचा क्लास चालवत होते, आणि आता मला त्या क्लासात कॉम्प्युटर आणायचा होता.

धाकटा भाऊ मोहोपाड्याच्या केमिकल कारखान्यात कामाला होता. त्याने एक बंद पडलेला कॉम्प्युटर मिळवून दिला होता. पेटी, पडदा, कीबोर्ड सगळं ठीक, फक्त आतला बोर्ड जळालेला. त्याचा एक मित्र मुंबईहून सुटे भाग आणून विकायचा. तो हे दोन बोर्ड घेऊन आला होता, एक जुन्या धाटणीचा, एक नव्या. आम्हाला हवा तो ठेवून घ्यायचा, उरलेला तो संध्याकाळच्या एस्टीने खोपोलीच्या गिऱ्हाइकाकडे नेणार. म्हणजे काय तो निकाल आजच लागायचा होता.

दोन्हींतला फरक आंधळ्यालाही हाताने कळला असता. बोर्डावर जादा कार्डं बसवायला खाचा असतात. जुन्या बोर्डाच्या खाचा आखूड होत्या. नव्याच्या लांब, म्हणजे तीच आखूड खाच आणि तिच्यापुढे आणखी एक तुकडा. पुढे येणारी मोठी, वेगवान कार्डं त्या लांब खाचांत बसणार होती.

माझ्याकडे कार्ड एकच, तेही आखूड. ते लावलं की पडद्यावर मराठी अक्षरं उमटायची. कॉम्प्युटरचा पत्ता नसताना मी ते हौसेने घेऊन ठेवलं होतं आणि भावाच्या शिव्या खाल्ल्या होत्या. पण माझ्या क्लासला कशेळ्याहून, त्याच्याही पलीकडच्या वाड्यांवरून मुली यायच्या. त्यांना इंग्रजी पडद्यासमोर बसवलं असतं तर निम्म्या दुसऱ्या दिवशी उगवल्या नसत्या. ते कार्ड चाललं नाही, तर माझ्या लेखी कॉम्प्युटर म्हणजे नुसतं खोकं.

“ताई, जुना घे,” भाऊ म्हणाला. “कार्ड आखूड, खाच आखूड. जोडा जमला. नव्यात चालंलच, असं मी छातीठोक नाय सांगनार.”

“तुझा मित्र तर चालेल म्हणतो.”

“त्याला इकायचाय तो.”

“दोन्ही माझेच हायेत की रं,” मित्र हसत म्हणाला. “कुठला बी घ्या.”

भावाचा पुढचा मुद्दा तयारच होता. लांब खाच लागेल असं एकही कार्ड आपल्याकडे नाही, मग रिकाम्या जागेचे पैसे का मोजायचे? माझी नजर मात्र नव्या बोर्डावरून हटत नव्हती.

बाबा जन्मभर भातशेती केलेला माणूस. ते वाकून त्या खाचांकडे बघत होते. त्यांनी लांब खाचेच्या पुढच्या तुकड्यावर बोट ठेवलं.

“ह्यो रिकामाच ऱ्हानार?”

“आता तरी,” मी म्हटलं.

“म्हंजे दात सोडल्यात.”

मी जवळजवळ उडीच मारली. हेच, हेच मला म्हणायचं होतं! पुढे कधी खोली वाढवायची असली की आमच्याकडे भिंतीच्या कडेला एकाआड एक वीट बाहेर काढून ठेवतात. ते भिंतीचे दात. नवी भिंत त्यांत अडकवून उभी करायची. आमच्या घरालाही उगवतीच्या बाजूला असे दात होते, भावाच्या संसाराची खोली तिथे व्हायची होती. पण भावाला कारखान्याच्या कॉलनीत क्वार्टर मिळालं आणि ती खोली राहिली ती राहिलीच. आई त्या दातांवर फडकी वाळत घालायची. “काय, तुमची भिंत अजून हसतेच का?” असं शेजारी विचारायचे.

“आपले दात कुठं कामाला आले?” भाऊ म्हणाला. बाबांनी खाचेवरचं बोट काढून घेतलं. मला भावाचा असा राग आला की मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, “नवाच घ्यायचा. लाव.”

तेवढ्यात आई ताम्हण घेऊन आली. घरात नवी वस्तू आली आणि तिला हळदकुंकू लागलं नाही असं आमच्याकडे कधी झालं नव्हतं. भाऊ ओरडला, “आये, त्याला वलं काय लावू नको!” तिने शहाण्यासारखं पेटीलाच कुंकू लावलं. अक्षता मात्र बोर्डावर टाकल्याच. भावाने कुरकुरत दाणे वेचले आणि बोर्ड पेटीत बसवला, वर माझं कार्ड बसवलं.

बटण दाबलं. पडदा उजळला, इंग्रजी अक्षरं सरसर आली. मग मराठीची फ्लॉपी घातली आणि पडद्यावर ओळ आली, कार्ड सापडत नाही.

“सांगितलं व्हतं,” भाऊ म्हणाला. मित्राने घड्याळ बघितलं आणि जुना बोर्ड पुढे सरकवला. पण हार मानणं माझ्या स्वभावातच नाही.

“बंद कर ते. वायर काढ,” मी म्हटलं आणि बॅटरी घेऊन पेटीत डोकं घातलं. कार्ड एका कडेने जरासं वर राहिलं होतं. ते उपसलं, केसातली पिन काढली आणि खाचेत फिरवली. पिनेच्या टोकाशी तांदळाचा लालसर दाणा वर आला.

“आगं बाय, माझीच अक्षता!” आईने कपाळावर हात मारला.

कार्ड पुन्हा दाबलं. या वेळी ते थेट तळाला बसलं. पडद्यावर ‘अ’ उमटला आणि मी अशी किंचाळले की शेजारची बाई हाताला लागलेलं पीठ न धुता धावत आली. भावाने माझ्या पाठीत धपाटा घातला आणि हसत सुटला. मित्र जुना बोर्ड काखोटीला मारून एस्टीकडे पळाला.

बाबांनी जवळ येऊन तो ‘अ’ निरखला. मग म्हणाले, “ह्ये ठेवनार कुठं? टेसनावरच्या खोलीत? ती गळतीय.”

त्याचा मी विचारच केला नव्हता. उत्तराची वाट न बघता बाबा बाहेर निघून गेले.

पुढच्या आठवड्यात गवंडी आला. आईने दातांवरची फडकी काढली. ते दात भावासाठी होते. माझ्यासाठी कुणी भिंतीला दात सोडले असतील असं मला कधी वाटलंच नव्हतं, परत आलेल्या मुलीसाठी तर नाहीच. विटेत वीट अडकताना बघून मला एकाच वेळी हसू आणि रडू येत होतं.

खोली होत आली तेव्हा गवंड्याने बाबांना विचारलं, “पल्याडच्या कडंला दात सोडू का?”

“मला काय इचारतोस?” बाबा म्हणाले. “खोली तिची हाय. तिला इचार.”

“सोडा,” मी म्हटलं.