चष्मेवाल्यांची करंगळी

चूक माझी होती आणि ती करायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही.

आमच्या सायकलच्या दुकानात मागच्या खोलीत एक स्टँड आहे. गिऱ्हाइकाची सायकल त्यावर जखडायची, गिऱ्हाइकाला वर बसवायचं, खांदा, कोपर, कंबर, गुडघा, घोटा यांवर पांढरे ठिपके चिकटवायचे आणि तो पाय मारायला लागला की कॅमेरा चालू करायचा. पुढचं सॉफ्टवेअर बघतं. अंगाचे कोन मोजतं, सीट किती वर, हात किती पुढे ते सांगतं, आणि सगळं जुळलं की पडद्यावर हिरवा चौकोन येतो. माझ्याकडे काम एवढंच, की दर नव्या माणसाला नवी फाइल उघडायची. चष्मेवाल्यांच्या वेळी मी ती उघडली नाही. त्यांच्या आधी एक पोहणारी मुलगी येऊन गेली होती, तिच्याच फाइलीत त्यांना बसवलं. ती बावीस वर्षांची, गुडघे न वाकवता जमिनीला तळवे टेकवणारी. चष्मेवाले बावन्न वर्षांचे, बुटाची नाडी बांधायला स्टूल शोधणारे. सॉफ्टवेअरने त्यांना तिच्याइतकं वाकवलं. चौकोन हिरवा झाला.

"झालं, काका. कसं वाटतंय?"

"ठीक आहे."

आणि ते सहा आठवडे तसेच चालवत राहिले.

चष्मेवाले म्हणजे चौकातल्या चष्म्याच्या दुकानातले कारागीर. तीस वर्षं एकाच खिडकीशी, एकाच दिव्याखाली बसून त्यांनी लोकांच्या नाकाकानांवर चष्मे बसवले. लग्न केलं नाही. घरात ते आणि त्यांची मोठी बहीण, ताई. यांना काय होतंय ते ओळखायचं खातं ताईकडे होतं. ताई आधी गोळी आणून ठेवायची, मग यांच्या लक्षात यायचं की आपलं डोकं दुखतंय. दोन वर्षांपूर्वी ताई गेली. त्यानंतर ते संध्याकाळी चालायला लागले. मग पळायला. मग तलावात पोहायला. आता पुरे म्हणणारं कुणी नव्हतं, त्यामुळे अंतर वाढत गेलं. शेवटी पोहणं, सायकल आणि पळणं अशा तिहेरी शर्यतीत त्यांनी नाव दिलं आणि कुणीतरी कंटाळून विकलेली सायकल घेऊन आमच्याकडे आले. अशा शर्यतीच्या सायकलला पुढे दोन दांडे असतात, कोपरं गाद्यांवर टेकवून दांडे धरायचे आणि जवळजवळ पालथं पडून चालवायचं.

"हे खूळ कशापायी, काका?" मी तेव्हा विचारलं होतं.

"पोहताना कुणी विचारत नाही, कसे आहात म्हणून," ते म्हणाले. मी हसलो. ते हसले नव्हते.

शर्यतीला नऊ दिवस राहिले असताना माझ्या चष्म्याची दांडी ढिली झाली, म्हणून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ती आवळली, चष्मा माझ्या डोळ्यांवर चढवला आणि विचारलं, "कानामागे टोचतंय?"

"नाही. ठीक आहे."

"खोटं. मान खाली घाला, इंजिनियर."

माझा डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला बसला तो उठलाच नाही, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणूनच इंजिनियर. मी मान खाली घातली. चष्मा थेट त्यांच्या टेबलावर.

"ठीक आहे म्हणणाऱ्यावर कधी विश्वास ठेवायचा नाही," ते म्हणाले. "माणसाला घरी जायचं असतं म्हणून तो तसं म्हणतो. विचारायचं नाही. काहीतरी करायला लावायचं आणि बघायचं."

मग त्यांनी दांडीतला स्क्रू काढला, तिळाएवढा. तो परत बसवताना हातातून पडला. उचलला, पुन्हा पडला. चिमटीत अंगठा आणि बोट काम करतात, पण हात स्थिर राहतो तो टेबलावर टेकलेल्या करंगळीमुळे. त्यांची करंगळी टेकली होती, पण ती दुसऱ्याच कुणाची असावी तशी ते तिच्याकडे बघून बघून टेकवत होते. तिसऱ्यांदा स्क्रू पडला तेव्हा आतून त्यांच्या शेठचा आवाज आला, "आजही होत नसेल तर राहू द्या. पुढच्या महिन्यापासून त्या नव्या मुलीलाच बसवू टेबलावर."

"काका, हाताला काय झालं?"

"काही नाही. ठीक आहे."

"खोटं," मी म्हणालो.

 ते दोन्ही हातांच्या शेवटच्या दोन-दोन बोटांवरून अंगठा फिरवून म्हणाले, "ही झोपलीत. सहा आठवडे झाले. डॉक्टर म्हणाले, कोपरात नस दबतेय. दाब काढा आणि वाट बघा."

"मग मला सांगायचं नाही?"

"तुमचा चौकोन हिरवा आला होता ना. म्हटलं, असंच असेल."

स्क्रू एकदाचा बसल्यावर मी दुकानात जाऊन फाइल उघडली. वर त्या पोहणाऱ्या मुलीचं नाव. गाद्या चार सेंटिमीटर खाली, दांडे तीन सेंटिमीटर लांब. दांडे धरायला हात ताणले जायचे आणि कोपराचं हाड नेमकं गादीवर यायचं. मालकांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "डोकं घरी ठेवून येत जा, हरकत नाही. फक्त आदल्या दिवशी कळवत जा."

दुसऱ्या दिवशी काका आले. मी चूक कबूल केली, निम्मी गिळून. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "होतं." ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

नवी फाइल उघडली. सॉफ्टवेअर दर दोन मिनिटांनी विचारतं, दहापैकी किती आराम वाटतो? काका म्हणाले, आठ. दांडे आखडले, आठ. गाद्यांखाली एक चकती घालून त्या उंच केल्या, तरी आठ. मी मुद्दाम सीट वाकडी केली. आठ.

मग मी माझ्या चष्म्यातला स्क्रू काढला.

"खाली उतरा, काका. डोळे मिटा. हा दहा वेळा उचला."

पुन्हा चढण्याआधी दहातून चारदा पडला. जुन्या मापावर वीस मिनिटं चालवल्यावर सातदा पडला. दांडे आखडून दोन चकत्या घातल्यावर सहा. तीन चकत्या, पाच. चार चकत्या घालून वीस मिनिटांनी पुन्हा चार, म्हणजे बिघडलं नाही. पडद्यावर चौकोन पिवळा. हवा छातीला अडते म्हणे, वेळ जाईल. जाऊ दे म्हटलं आणि बोल्ट आवळले. त्या शेवटच्या चारांत एकदा स्क्रू असा पडला, की मालकांसकट आम्ही तिघांनी फरशी चाचपली तरी मिळाला नाही.

"तुमचा एक स्क्रू माझ्याकडे लागला," काका म्हणाले. मी दांडीला सेलोटेप लावली.

शर्यतीच्या दिवशी मी सायकली लावायच्या जागेच्या कठड्याशी उभा होतो. तिथला नियम असा, की सायकल जागेवर टांगायची, मग हेल्मेटचं बक्कल आपल्या हाताने सोडायचं, मगच पळायला निघायचं. दुसऱ्या कुणी हात लावला की बाद. अडीच तास दांडे धरून आल्यावर झोपलेल्या बोटांनी ते सुटत नाही, हे मी आदल्या रात्रीपासून मनात घोळवत होतो. काका उशिरा आले, पण आले. सायकल टांगली. हात हनुवटीखाली नेले. बक्कल सुटलं नाही. बाजूने तिघं पळत गेले. पुन्हा. नाही. त्यांनी डोळे मिटले, उजवी करंगळी गालाला टेकवली, टेबलावर टेकवतात तशी, आणि बक्कल सुटलं. हेल्मेट ठेवून ते पळायला लागले. माझ्याकडे बघितलंही नाही. वेळ संपायला अकरा मिनिटं असताना पोहोचले. त्यांना आनंद झाला का, ते मला सांगता येणार नाही. मी दोन केळी खाल्ली आणि घरी आलो.

काकांचा उजवा हात आता जवळजवळ परतलाय. डावी करंगळी अजून अर्धीच जागी आहे. शेठने नव्या मुलीला शेजारी बसवलंय, पण टेबल काकांचंच. मागच्या आठवड्यात मी तिकडून जात होतो, त्यांनी काचेवर टकटक केली. माझ्या सेलोटेपकडे बघत म्हणाले, "या आत. तो स्क्रू देणं राहिलंय."

शेठ त्यांच्या मागेच उभे होते. मुलगीही त्यांच्या हातांकडे बघत होती.

"राहू द्या काका, घाई नाही. ठीक आहे असाच."



"मान खाली घाला," काका म्हणाले.

मी दोन बोटांनी चष्मा डोळ्यांवर दाबून धरला आणि मान खाली घातली.