जबाबातलं एक वाक्य

उंब्रजला सुट्टीवर आलेला माझा शेजारी, विमानात कॅप्टनशेजारी बसणारा सहवैमानिक, कॉकपिटातल्या सवयीनं स्कूटर वळवतानाही मोठ्यानं सांगतो, "डावीकडं घेतोय." मागं बसून मी हसायचो.

सुट्टीआधीच्या फेरीत त्याचं विमान उतरताना संगणकानं स्वतःच उतरण्याची पद्धत बदलली. विमान भलत्या वेगानं खाली येऊन आपटलं. एक हवाई सेविका अधू झाली. चौकशीच्या जबाबात यानं लिहिलं, 'मला दिसत होतं, पण मी स्पष्ट बोललो नाही.'

"ते वाक्य खोड, नोकरी जाईल. चूक यंत्राची हाय," मी म्हणालो.

"हायच रं. पन कॅप्टन वयानं मोठे. 'आवं सर, जरा बघता का' म्हणत बसलो. 'विमान माझ्याकडं द्या' म्हणायला जीभच रेटंना."

वाक्य तसंच ठेवून त्यानं सही केली. खोडायला पेन पुढं केलं होतं ते मी, 'नेहमी खरं बोला' अशी पत्रकं गावभर वाटत फिरणाऱ्यानं.