रिकाम्या समजून पुसलेल्या नोंदी

आमचे आप्पा सोलापुरातले जॉबर. बिघडलेला यंत्रमाग दुरुस्त करायचा, हेच काम त्यांनी आयुष्यभर केलं. खडखडाटात कान निम्मे गेले होते. आई हाका मारून मारून दमायची, पण कारखान्याच्या दारात उभं राहिलं की कुठला माग कुठं अडतोय ते त्यांना बरोबर कळायचं. कारखाने बंद पडत गेले, जॉबर मंडळी पांगली, तेव्हा मी त्यांच्यासाठी इंटरनेटवर एक फोरम काढून दिला. मी कॉम्प्युटरवाली, घरातली शहाणी ना!

तिथं प्रश्न कुणी लिहायचंच नाही. मोबाइल मागाजवळ धरायचा, आवाज टाकायचा, बस. आप्पा तो कानाला लावून ऐकायचे आणि बोलूनच उत्तर द्यायचे. "आरं, धोटा आपटतोय की तुजा! डाव्या अंगाची पट्टी बग आदी. न्हाय जमलं तर परत ऐकव." चुकून कुणी लिहून विचारलंच तर करवादायचे, "लिवून काय कळतंय? माग ऐकव."

मग तक्रारी सुरू झाल्या. शोधलं तर काही सापडत नाही, तेच तेच परत विचारावं लागतं. मला असा राग आला! फुकटात करून दिलंय आणि वर नावं ठेवतात. दोन रविवार खाली मान घालून बसले आणि फोरमवरचा शोध, म्हणजे सर्च, नव्यानं बांधला. बघते तर ढीगभर नोंदींत एक अक्षरसुद्धा नाही. रिकाम्या समजून मी त्या सगळ्या पुसल्या. जागा अडते म्हणून जुनी प्रतही पुसली. त्यांच्या पोटातली रेकॉर्डिंग्ज त्यांच्याबरोबरच गेली. मी एकही उघडून बघितली नाही. एक, फक्त एक ऐकली असती तर हात थांबला असता.

"लई फास्ट झालं की!" म्हणून कौतुक झालं. त्याच आठवड्यात आप्पांच्या घशातल्या गाठीचा रिपोर्ट आला, मग फोरमकडे बघतंय कोण? ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावं लागलं. आप्पा घरी आले ते पाटी-पेन्सिल घेऊन.

चार दिवसांनी आई म्हणाली, "त्यांचं बोलणं ऐकव की गं जरा. तुज्या त्या फोरमवर हाय न्हवं?"

मी 'आप्पा' टाकलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत यादी आली. 'धन्यवाद आप्पा.' 'व्हय आप्पा, पट्टीच होती.' 'तुमी सांगितलं तसं केलं, माग सुरू झाला.' सगळ्यांचे आभार जागच्या जागी, आप्पांचं बोलणं तेवढं कुठंच नाही. घरात दुसरं काही असावं तर तेही नाही. लग्नानंतरही मी याच घरात; एका छपराखाली राहणारी माणसं एकमेकांना आवाज कशाला पाठवतील? माझ्या लग्नाच्या व्हिडिओत ते नुसते हात जोडून उभे आहेत, वरून सनई लावलेली.

"शोधतेय," मी आईला म्हटलं. किती नीच वाटले मी स्वतःलाच, पण खरं सांगवेना.

आई रोज विचारते. काल विचारताना तिला रडू फुटलं. आप्पांनी तिचा हात धरला, पाटीवर काहीतरी लिहिलं आणि आम्हा दोघींच्या पुढं धरलं.

"सापडंल. पोरीनं शोध लई भारी केलाय."