मावशीला मुंबई दाखवली

लातूरहून कुणी मुंबईला निघालं की आजही लोक मला विचारतात, बाई, चार दिवसांत काय काय बघून होईल? मी शाळेत बाई होते, सहली नेल्या आहेत, त्यामुळं यादी तोंडपाठ. गेटवे, राणीचा बाग, म्हातारीचा बूट, मत्स्यालय, चौपाटी. मी सांगते आणि विषय बदलते. कुणी जिवाची मुंबई करून येतो म्हणालं की मला उठून आत जावंसं वाटतं. कारण ह्यातलीच ठिकाणं मी एका बाईला एकेक करून, मन लावून दाखवली, आणि तिच्या पायाचं वाटोळं केलं. आता वय झालंय, खोटं कशाला बोलू.

ती माझी मावशी. आईची सगळ्यात धाकटी बहीण, माझ्याहून नऊ-दहा वर्षांनीच मोठी. औशाच्या पुढं एका गावात दिलेली. घर दगडाचं, भिंती दीड हात रुंद आणि वर माळवद, म्हणजे लाकडांवर मातीचा जाड थर. दरसाल त्यावर आणखी माती पडायची. पोरगी देताना आमच्याकडं भिंत केवढी रुंद आहे तेही बघायचे. भूकंपाच्या पहाटे ते सगळं खाली आलं. मावशीचा नवरा आणि दोन पोरं त्यात गेली. तिला दगडांतून काढलं तेव्हा तिचा डावा खुबा मोडलेला होता आणि पोटाशी धरलेली चार वर्षांची पोरगी जिवंत होती. पोरीला साधं खरचटलंसुद्धा नव्हतं.

त्या गडबडीत खुब्याचं हाड कसंतरी बसवलं, ते वाकडं जुळलं. काखेत कुबडी आली. आणि त्या दिवसापासून मावशी छताखाली गेली नाही. पत्र्याच्या शेडमध्ये सगळं गाव राहिलं, ही बाहेर बाज टाकून. पुढं पुनर्वसनाचं घर मिळालं तर त्यात ज्वारीची पोती ठेवली आणि आपण अंगणात. पाऊस आला की डोक्यावर ताडपत्री घेऊन बसायची. लोक समजावून समजावून दमले, मग कुणी बोलेना.

पोरगी मात्र भलतीच चिकटू झाली होती. चालायचं नावच नाही, सारखं वर घे, वर घे. एका हातात कुबडी, दुसरा हात भिंतीला नाहीतर बाजेला, मग पोरीला घेणार कशी? मावशी खाली बसायची, तेव्हा पोरगी मांडीवर यायची. "एकदा हिला कडेवर घेऊन रानापत्तुर जायचंय," एवढंच ती म्हणायची. दुसरं काही तिनं कधी मागितलं नाही.

लातूरच्या डॉक्टरांनी हाडाचा जुना फोटो बघून सांगितलं की मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं तर पाय सरळ होईल, पण महिनाभर वॉर्डात पडून राहावं लागेल. घरात सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. मावशी आणि महिनाभर छताखाली! न्यायचं कुणी, ते मात्र लगेच ठरलं. अख्ख्या खानदानात मुंबई पाहिलेली मी एकटी. तीही सहलीतली, पोरांच्या मुंड्या मोजत मोजत पाहिलेली. पण मी तेव्हा नवीन नोकरीला लागले होते, मला वाटायचं मला सगळं कळतं.

पोरीला माझ्या आईकडं ठेवलं आणि आम्ही निघालो. एसटीत मावशी गुमान बसली. मला नवल वाटलं, म्हणलं, मावशी, ह्यालाही छत आहे की. तर म्हणाली, "गाडी हालली तर कळतंय की गाडी हालली म्हणून. घराचं तसं न्हाई."

उतरलो आमदार निवासात. आमच्या भागातली माणसं मुंबईला दवाखान्यासाठी गेली की तिथंच उतरतात, आमदाराची चिठ्ठी नेली की झालं. एका खोलीत दहा-बारा जण, कुणाचा एक्स-रे, कुणाच्या नाकात नळी, सगळे आपल्याच गावाकडचे. मावशीनं इमारतीकडं खालून वरपर्यंत नजर फिरवली, आवारातल्या झाडाखाली पिशवी ठेवली आणि बसली. म्हणाली, "मी हितंच." पहारेकरी साताऱ्याकडचा होता. त्यानं काय झालं ते विचारलं, ऐकलं आणि आपली खाट तिला दिली. त्या माणसाचं तोंड मला अजून आठवतं.

तिला तिथं बसवून मी कागद घेऊन दवाखान्यात जाऊन आले. बेड पाच-सहा दिवसांनी रिकामा होणार होता, वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर. परत येताना माझ्या डोक्यात ते शहाणपण शिरलं. पाच दिवस हातात आहेत, तर मावशीची छताची भीती मोडायची. हळूहळू, पोरांना पाढे शिकवतात तसं. आधी चारी बाजूंनी उघडं छत, मग जरा बंद, मग पूर्ण बंद, मग दवाखाना. मुंबईतली ठिकाणं त्या क्रमानं लावली आणि स्वतःवरच खूष झाले.

पहिल्या दिवशी राणीचा बाग, तिथं छतच नाही. हत्ती बघून ती म्हणाली, "ह्याच्या पायाला साखळी कशापायी? पळून कुठं जातंय बिचारं." दुसऱ्या दिवशी गेटवे. मी शिक्षिकाच ना, लागले सांगायला. मावशी, हे बघ, सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीचं बांधकाम, सगळा दगड, भिंत बघ केवढी जाड आहे. बोलता बोलता माझं मलाच कळलं मी काय बोलून गेले ते. दगडाची जाड भिंत कौतुकानं कुणाला दाखवत होते मी? पण शब्द तोंडातून गेले होते. मावशी कुबडी टेकत टेकत कमानीखाली गेली, दगडावर हाताचा तळवा ठेवला आणि उभी राहिली. फोटोवाले, फुगेवाले, कबुतरं, लोकांची ही गर्दी, आणि मावशी वर बघत उभी. ओठ हलत होते. बराच वेळ गेला. मी जवळ जाऊन दंड धरला तर अंग थरथरत होतं. मला वाटलं घाबरली, ओढून बाहेर आणलं. समुद्राच्या कठड्याला टेकून ती बसली आणि पाणी प्यायली.

तिथं बसल्यावर तिनं मला विचारलं, "दवाखाना केवढा हाय गं? माडीचा हाय का?"

सरळ प्रश्न होता. मी सरळ खोटं बोलले. "बैठा आहे मावशी. पुढं मोठी पडवी आहे, झाडं आहेत."

"खरं?"

"खरं."

तिनं मान हलवली.

तिसऱ्या दिवशी म्हातारीचा बूट. बुटाच्या आकाराचं ते घर, पोरं आत जिना चढून वरच्या खिडकीतून हात हलवतात. मला वाटलं, हे खेळण्यातलं घर, ह्याला काय घाबरायचं. मावशी खाली उभी राहून खिडकीतली पोरं बघत होती. दोन पोरं होती, भाऊ-भाऊ असावेत, एकमेकांना ढकलत होती. मावशी एकाएकी खालून हाका मारायला लागली. "बाहीर या रे लेकरांनो. बाहीर या. आत नका ऱ्हाऊ." आधी हळू, मग मोठ्यानं. पोरांची आई वळून बघायला लागली, लोक हसले. एक बाई मला म्हणाली, डोक्यानं बरोबर नाही का? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मावशीची लाज वाटली मला, हे लिहायला हात धजत नाही, पण वाटली. मी तिला घेऊन खाली चौपाटीवर आले. पाण्याकडं तोंड करून ती बसली. म्हणाली, "थोरला असाच ढकलायचा बारक्याला." ती रडली नाही. मीच रडले.

मत्स्यालय मग मी रद्द केलं. पुढचे दोन दिवस आम्ही नुसत्या समुद्राकाठी बसून काढले. मला वाटलं माझा बेत फसला, हिला सांगून सवरून काही उपयोग नाही, आता गोड बोलून आत न्यायचं आणि मोकळं व्हायचं. आमच्या लोकांची ही खोडच आहे. आजारी माणसाला, दुःखातल्या माणसाला खरं सांगायचं नाही. वरवर माया, आणि आतून आपल्याला सोपं जावं ही सोय. मी त्याच घरात वाढलेली.

बेड रिकामा झाल्याचा निरोप आला. टॅक्सी केली. टॅक्सी थेट दवाखान्याच्या पोर्चमध्ये लागली, उतरल्यावर वर बघायला जागाच नव्हती. मावशीनं दाराशी थांबून चौकटीला हात लावला. मग, मला अजून खरं वाटत नाही, ती आपल्या पायानं आत आली. एक हात भिंतीला, एका काखेत कुबडी, ओठ हलताहेत. दीड वर्षात पहिल्यांदा मावशी चार भिंतींच्या आत, छताखाली आली होती. मला वाटलं जिंकलं आपण.

तेवढ्यात लिफ्ट आली. लोखंडी जाळीचं दार उघडलं. "हे काय हाय?" मावशीनं विचारलं.

"तपासायची खोली आहे. इथं जरा वेळ उभं राहायचं," मी म्हणाले.

ती आत येऊन भिंतीला तळवा लावून उभी राहिली. दार बंद झालं. आणि पायाखालची जमीन हलली.

मावशी ओरडली नाही. तिचं तोंड उघडं होतं आणि आवाज नव्हता, एवढं मी बघितलं. तिनं खाली वाकून दोन्ही हात पोटाशी घट्ट धरले, पोरगी तिथं असल्यासारखे. तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं तशी ती कुबडी टाकून बाहेर पळाली. त्या पायानं पळाली. समोर जिना होता. मी हाक मारेपर्यंत ती पायऱ्यांवरून खाली गेली होती.

तोच खुबा पुन्हा मोडला. दवाखान्यातल्या लोकांनी धावाधाव केली, त्यांना बोल लावायला जागा नाही. पण शुद्धीवर आल्यावर मावशीनं एकच धोशा लावला, मला बाहीर न्या. ऑपरेशनच्या कागदावर अंगठा दिला नाही. मी हात जोडले, पाया पडले. तिनं तोंड फिरवलं. प्लास्टर घालून आम्ही गावी परतलो. एका कुबडीच्या दोन झाल्या. पोरगी बाजेशी येऊन वर घे म्हणाली, तेव्हा मी तिथं थांबले नाही, चूल बघायला म्हणून निघून गेले.

मावशीनं त्या दिवसाबद्दल मला कधी एक शब्द विचारला नाही. मीही काढला नाही. वर्षं गेली. लातूर बघता बघता क्लासचं गाव झालं. जिथं तिथं चार-पाच मजली इमारती, भिंतीवर टॉपर पोरांचे फोटो, नांदेड-परभणीकडून ट्रंका घेऊन आलेली पोरं. माझ्याही वरच्या दोन खोल्या मी मुलींना दिल्या. मावशीची पोरगी अकरावी-बारावीला माझ्याकडंच राहिली. हुशार, माझ्याच वळणाची तोंडाळ. पहाटे उठून पाठ करायची, तिला पाहून मला बरं वाटायचं आणि लाजही वाटायची. तिचा नंबर मुंबईला डॉक्टरकीला लागला.

तिला सोडायला निघायच्या आदल्या दिवशी मावशी लातूरला आली. नेहमीसारखी अंगणात बसली, दोन कुबड्या शेजारी. पोरगी आत पेटी भरत होती. मी चहा आणून दिला. मावशी म्हणाली, "हिला लिफ्टचं सांग."

मला वाटलं माझी ऐकण्यात चूक झाली. म्हणलं, काय सांगू?

"खोलीसारखी दिसती, पण खोली न्हाई म्हणावं. आत गेलं की भुई हालती. हालली तर भ्यायचं न्हाई. आपुआप थांबती." बशीत चहा ओतत ती म्हणाली, "मला कुणी सांगितलं न्हाई."

मी तिच्या शेजारी खाली बसले.

"त्या कमानीखाली मी मोजून बघितलं होतं," ती म्हणाली. "शंभरपत्तुर मोजलं, पुन्यांदा शंभर. ऱ्हाता येतंय म्हणलं. पोरीसाठी महिनाभर मोजत पडीन, म्हणून ठरवलं होतं तितंच. तू माडीचा हाय म्हणली असतीस तरी आले असते. हालतंय म्हणली असतीस तर काय तरी धरून उभी ऱ्हायले असते." चहा संपवून तिनं बशी खाली ठेवली. "तू विचारलंच न्हाईस माय. दाखवतच ऱ्हायलीस."

मी आत गेले आणि पोरीला सगळं सांगितलं, लिफ्टमध्ये जमीन हलते, भ्यायचं नाही. ती हसायला लागली. क्लासची इमारत पाच मजल्यांची होती, दोन वर्षं ती रोज लिफ्टनंच जात होती. "आईला काय वाटतं मी कुकुलं बाळ आहे?" म्हणाली आणि बाहेर येऊन मावशीच्या गळ्यात हात टाकून बसली, लहानपणी बसायची तशी, मांडीवर. मावशीनं तिला दोन्ही हातांनी धरलं. उठून उभी मात्र ती राहू शकत नव्हती.